जुनी विंचेस्टर घेताय? आधी कडा बघा

अमेरिकेत राहून पहिलीच विंचेस्टर १८७३ रायफल घ्यायची म्हणताय, छान! फक्त चकाकीला भुलू नका. शंभराहून जास्त वर्षांची रायफल नव्यासारखी काळीभोर दिसली की मला आनंदाआधी शंका येते: कुणी मागाहून घासून नवा रंग तर चढवला नाही ना?

सुरुवातीला एवढंच बघा:

- कडा आणि अक्षरं. पॉलिशच्या चाकावर घासलं की रिसीव्हरच्या (नळीमागचा, यंत्रणा असलेला धातूचा भाग) धारदार कडा गोल होतात, नळीवरचे शिक्के पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. ही खूण लपवणं सगळ्यात अवघड. टॉर्च तिरका धरून बघा.
- गंजाचे खड्डे. खड्ड्याच्या आतही तोच काळा रंग असेल, तर रंग गंजानंतर चढला आहे.
- लाकूड. कारखान्यातून निघताना लाकूड धातूपेक्षा किंचित वर असे. ते खाली गेलं असेल, तर दस्त्यावर सँडपेपर फिरला आहे.
- हॅमर (मागचा घोडा) आणि लिव्हर (खालचा ओढायचा दांडा). त्यांच्यावर मुळात बहुधा केस-हार्डनिंगचे, म्हणजे पोलादाचा पृष्ठभाग कठीण करताना उमटणारे ढगाळ रंग असायचे. तिथेही काळं ब्लुइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) दिसलं तर सरळ प्रश्न विचारा.

झीज पटण्यासारखी हवी. हात लागतो तिथे रंग उडालेला असणं हे चांगलं लक्षण.

वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून अनुक्रमांकावरून कारखान्यातली नोंद मागवता येते. महागड्या नगासाठी तो खर्च कराच.

आणि घेतल्यावर उत्साहाने घासूनपुसून चकचकीत करू नका हो! मी एकदा केलं होतं. स्क्रूचे आकडे, शिक्क्यांचे प्रकार वगैरे नंतर बघू.