बिअर सुटली, आता मित्रही सुटतील का?

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी बर्मिंगहॅमला राहतो, वय ४७. गेली ११ वर्षं दर गुरुवारी आम्ही चौघं मित्र कामावरून आधी पबमध्ये आणि मग बाल्टी, म्हणजे कढईतच शिजवून वाढलेली करी, खायला जातो. डॉक्टरांनी फॅटी लिव्हर सांगून बिअर पूर्ण बंद केली. बायकोला सांगितलं, मित्रांना नाही. चार गुरुवार 'उद्या सकाळी मीटिंग आहे' म्हणून टाळले. परवा त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला: टेबलावर मोठा नान आणि त्यातला एक तुकडा माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर. बिअर गेली तर हे लोकही जातील, अशी भीती वाटते."

तुमचं पत्र वाचताना मी त्या फोटोपाशीच अडले. त्यांनी तुमच्या जागेवर भरलेला ग्लास ठेवला नाही, नानाचा तुकडा ठेवला. चौघांनी एकाच नानाचे तुकडे तोडून एकाच कढईत बुडवायचे, हे ११ वर्षं चाललंय. त्यांना तुमची आठवण येते ती तिथे. आणि तुम्ही मात्र त्यांना खोट्या मीटिंगा सांगताय. बिअरपेक्षा हे खोटंच तुम्हाला त्यांच्यापासून लांब नेतंय, असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण पबमधल्या राउंडची आहे. आळीपाळीनं एकेकानं सगळ्यांसाठी आणायचं, म्हणजे प्रत्येकाचे चार पाइंट (बिअरचे मोठे ग्लास) होतातच. ४ टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये साधारण २.३ युनिट (युनिट म्हणजे पेयातलं शुद्ध अल्कोहोल मोजायचं माप) असतात, चार पाइंटचे नऊच्या वर. ब्रिटनमध्ये आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या वर न जाण्याचा आहे, तोही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. तुमच्यात कुणी दारुडा नाही, पण राउंड सुरू झाला की मध्येच 'मला नको' म्हणणं जड जातं.

म्हणून पब गाळा आणि थेट जेवायला भेटा. तुमच्या गावात ही सोय आयतीच आहे. लेडीपूल रोडच्या भागातल्या काही बाल्टी हाउसांकडे दारूचा परवानाच नसतो, ज्यानं त्यानं आपली बाटली न्यायची. तिथे राउंड नाही, आणि बिल फक्त जेवणाचं. अल्कोहोल नसलेली बिअर न्यायची असेल तर बाटलीवरचा आकडा वाचा. ०.५ टक्के लिहिलेलं असतं तेव्हा थोडं अल्कोहोल असतंच, ते चालेल का हे डॉक्टरांनाच विचारा. आणि बिअरऐवजी गोड मँगो लस्सीवर जाऊ नका, फॅटी लिव्हरला साखरही मानवत नाही.

आता सांगायचं कसं? सगळ्यांसमोर, ग्रुपवर नको. नानाचा तुकडा ज्यानं ठेवला असेल, त्याला आधी एकट्याला फोन करा. "मीटिंगचं खोटं होतं. लिव्हरचा त्रास निघालाय, बिअर बंद आहे, पण गुरुवार मला सोडायचा नाही." एवढंच. बाकीच्या दोघांना तोच सांभाळून घेईल. तरी कुणी म्हणालंच, "एकानं काय होतंय," तर "डॉक्टरांनी बंद केलीय" हे एकच वाक्य पुन्हा म्हणा. रिपोर्ट उघडून वाद घालत बसू नका. येताना गाडी तुम्ही चालवली तर त्यांना बरंच वाटेल, मात्र दर आठवड्याला सगळ्यांना घरी सोडण्याचं काम अंगावर घेऊ नका. तुम्ही जेवायला जाताय.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. बिअर बंद केल्यावर हात थरथरणं, दरदरून घाम येणं, झोप उडणं असं काही झालं का? झालं असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि तो फोन बुधवारी रात्रीच करा. गुरुवारवर ठेवलात तर पुन्हा राहून जाईल.