दहापैकी सहा

"मॅडम, रोज सहाच! दहापैकी सहा. त्याच्या वर गाडी जातच नाही."

जुलै उजाडला की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे वाक्य येतं, फक्त आकडा बदलतो. काही शाळांत सकाळी 'रोजचं व्याकरण' असतं. फळ्यावर चार-पाच चुकीची वाक्यं, मुलांनी ती वहीत दुरुस्त करायची, बाई लगेच गुण देतात. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारपूस सुरू. काळजी सगळ्यांची एकच, आपलं मूल कच्चं राहिलं का?

गेल्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी आली. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) शाळेची रिक्षा यायच्या वेळी हिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. वहीची पानं खोडरबरानं घासून घासून फाटलेली. आई बँकेत, त्यामुळे महिनाभराच्या गुणांचा तक्ताच करून आणलेला. तो मी बाजूला ठेवला आणि वही उघडली.

बहुतेक चुका एकाच जातीच्या होत्या. 'पूराचं', 'दूधात', 'फूलाचा'. पूर, दूध, फूल यांतला ऊकार दीर्घ, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: पुराचं, दुधात, फुलाचा. पोरीला मूळ शब्द पक्का येत होता, म्हणूनच ती चुकत होती! एकच नियम सुटला होता आणि त्याचे गुण रोज नव्यानं कापले जात होते.

पहिल्या दोन-तीन भेटींत ती फारशी बोलली नाही. नियम तेवढा मी दाखवून ठेवला. चौथ्या भेटीत लाल पेन तिच्या हातात दिलं आणि आईला म्हटलं, "मी सांगते ती वाक्यं तुम्ही लिहा." आईनं लिहिलं, 'पूराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं.' (हा मारुती म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मूर्ती.) पोरगी फिस्सकन हसली. 'पूराचं'भोवती गोल काढला.

"आता आईला गुण दे," मी म्हणाले.

ती पेन धरून थांबली. "आत्ता नको मावशी. आईला अजून येत नाहीये ना. परत लिहू दे, मग देते."

आई कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत बसली. मीही गप्प. इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडायचं नसतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी. मोजायचं तर कृतीला मोजा, माणसाला नको, हे पालकांना नेहमी सांगते. पण कृतीलाही मोजायची एक वेळ असते, हे मला त्या आठ वर्षांच्या मुलीनं दाखवलं.

म्हणून आता पालकांना सांगते, शाळेशी भांडू नका, विचारा. २०१० च्या शासन निर्णयानं तिसरी-चौथीला आकारिक (शिकता-शिकता होणाऱ्या) मूल्यमापनाला ६० टक्के आणि संकलितला (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) ४० टक्के असा भार ठरवला. आकारिकात निरीक्षण, तोंडीकाम, स्वाध्याय असं बरंच येतं. रोजचे हे दहा गुण त्यात धरतात का? या आईनं विचारलं, तर ते कुठेच जात नव्हते. बाईंपुढे वह्यांचा ढीग असतो, आकडा टाकणं सोपं पडतं, हेही समजून घ्या. चुकीखाली रेघ मारा आणि दुरुस्त केलेलं वाक्य उद्या बघा, एवढी विनंती पुष्कळ झाली. घरी "किती मिळाले?" आधी "आज कुठला शब्द अडला?" विचारा. शुद्ध वाक्य तुम्ही लिहून देऊ नका. आणि वहीचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद करा. हे मी जरा रागावूनच सांगते.

त्या आईला शेवटी मारुतीनंच पटवलं. पाणी गुडघ्याला की छातीला, हे आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो. त्यावरून गोदावरीला कुणी नापास करत नाही.

पोटदुखी एकदम गेली नाही. सोमवारी अजून असते. दिवाळीच्या आधी आईचा मेसेज आला: 'आज सात. मी विचारलं नव्हतं. घरात शिरताच म्हणाली, आई, "मिठात" बरोबर आलं.'