दार लावून बसणारा मुलगा

“मॅडम, मुलगा घरातच असतो, पण दार लावून बसतो. विचारलं तर एका शब्दात उत्तर.” आठवड्यातून एकदा तरी हे कानावर येतं. बहुतेक आईवडील दोष मोबाइलला देतात. मला मात्र यातलं मर्म कळलं ते वरळीच्या एका कुटुंबामुळे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून हे तिघं पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये आले. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःची खोली मिळाली. “सगळं त्याच्यासाठी हौसेने केलं, आणि हा आमच्याकडे बघतही नाही,” सांगताना आईचा गळा दाटून आला.

चौथ्या भेटीत मी त्याला विचारलं, “चाळीतलं काय आठवतं?” वाटलं होतं, गॅलरीतलं क्रिकेट सांगेल.

“मी अभ्यास करायचो तेव्हा आई तिथेच भाजी निवडायची. काही विचारायची नाही. नुसती असायची.”

“आणि आता?”

“आता येते ती विचारायलाच.”

आई शेजारीच होती. बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकले आहे.

कुणीतरी जवळ असताना मूल निर्धास्त एकटं राहायला शिकतं, असं विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९५८ मध्ये लिहिलं होतं. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. चाळीत ही सोबत आपसूक मिळायची, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. आता ती ठरवून द्यावी लागते.

म्हणून दाराची कडीच काढून टाकू नका. या वयात मुलाला स्वतःची जागा हवीच असते. त्याला विचारून, आपलं काम घेऊन त्याच्या खोलीत अर्धा तास बसा. कपड्यांच्या घड्या, घरचा हिशेब, काहीही चालेल. हातात फोन नको. “शाळेत काय झालं?” हा प्रश्न तर महिनाभर बंदच ठेवा. सुरुवातीला तो “काय हवंय?” म्हणेल. “काही नाही, बसलेय,” एवढं पुरे.

नवव्या दिवशी ही आई मेथी निवडत बसली होती. वहीतून मान वर न करता तो म्हणाला, “आई, इथे खाली मला कुणी खेळायला घेत नाही.”

दहा प्रश्न तिच्या ओठांवर आले होते. ते गिळून तिने मेथीची दुसरी जुडी सोडली, आणि तो पुढे बोलत राहिला.