प्रोबायोटिकने वजन उतरतं का?

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू करू का? घरचं म्हशीचं दही चालेल का? अलीकडे ते आंबट होतं, तारही सुटते. (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी मानले जाणारे जिवंत जिवाणू. त्यांच्या कॅप्सूलवर भिस्त ठेवू नका. लॅक्टोबॅसिलस गॅसेरी नावाच्या जिवाणूच्या एका जातीवर जपानमध्ये 12 आठवड्यांच्या चाचण्या झाल्या. पोटाची चरबी थोडी घटली, पण सेवन थांबताच परिणाम ओसरू लागला. शिवाय एका जातीचा गुण दुसरीत असेलच असं नाही. दुकानातला डबा मात्र सगळ्यांच्या नावानं बोलतो.

दही जरूर खा, पण साय काढलेल्या दुधाचं. वाटीभर सायीच्या दह्यात सुमारे दीडशे कॅलरी सहज असतात. श्रीखंड तर हिशेबातच धरू नका.

दूध उकळून 40 ते 43 अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला सोसेल इतकं कोमट होऊ द्या. अर्ध्या लिटरला एक चमचा ताजं विरजण घालून ढवळा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं. घट्ट होताच फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर राहिलं की आंबतं. तार सुटते ती बहुधा विरजण जुनं झाल्यानं किंवा दूध फार गार असताना लावल्यानं. विरजण बदला, भांडं उकळत्या पाण्यानं धुवा. कढी उकळली की जिवाणू मरतात, म्हणून ताक कच्चंच प्या.

या जिवाणूंना खाद्य लागतं तंतूंचं (फायबरचं) : ज्वारीची भाकरी, मटकी, कांदा, पालेभाजी. तंतू हळूहळू वाढवा, एकदम वाढवले तर पोट फुगतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग कमी केलात, तर वजनाला त्याचा फायदा कॅप्सूलपेक्षा जास्त. प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा केमोथेरपी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नका.