वाचकांचे प्रश्न : विमान दोन तासांत पोहोचतं की तीन?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही फ्रँकफर्टहून लिस्बनला जाणार आहोत. तिकिटावर निघण्याची वेळ 10:00 आणि पोहोचण्याची 12:05 आहे. परतीला मात्र 13:00 ते 16:50. नेटवर अंतर एके ठिकाणी 1,874, दुसरीकडे 1,165, तिसरीकडे 1,012 दिसतं आणि वेळ सव्वादोन तास. खरं काय समजायचं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर आहेत, एककं वेगळी आहेत. पहिला किलोमीटर, दुसरा साधे मैल, तिसरा नॉटिकल मैल.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. पोर्तुगाल जर्मनीच्या एक तास मागे आहे, म्हणून जाताना दिसणाऱ्या वेळेत एक तास मिळवा, येताना वजा करा. जाताना 3 तास 5 मिनिटं, येताना 2 तास 50 मिनिटं. दोन्ही देश घड्याळं एकाच क्षणी पुढेमागे करतात, त्यामुळे हा फरक बारा महिने तोच.

नेटवरचे सव्वादोन तास म्हणजे 1,874 ला ताशी 830 किमीनं भागलेलं उत्तर. विमान त्या वेगाला येतं ते वर गेल्यावर. चढताना-उतरताना वेग कमी, आणि हवाई मार्गही सरळ रेषेत नसतो. त्यात तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची, म्हणजे धावपट्टीपर्यंतचं रखडणंही त्यातच. पुणे–दिल्ली जेमतेम 1,160 किमी असून वेळापत्रकात दोन तासांच्या वर जातात, ते याचमुळे. परतीची पंधरा मिनिटं वाचतात ती वाऱ्यामुळे : उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढू शकतो.

मुंबईहून येऊन फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, लिस्बनला नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणं टप्प्याटप्प्यानं सुरू झालं, त्यामुळे रांगा लांबतात. दोन तासांपेक्षा कमी अंतराचं जोडविमान आम्ही तरी घेणार नाही, आणि वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर मुळीच नाही. शिवाय विमानतळाचं नाव नीट वाचा. ‘फ्रँकफर्ट-हान’ शहरापासून सुमारे 120 किमीवर आहे.

प्रश्न : हेच विमान उशिरा पोहोचलं तर भरपाई मिळते का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : मिळते, आणि ती तिकिटाच्या किमतीवर नव्हे तर अंतरावर ठरते. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमानुसार 1,500 किमीपर्यंत 250 युरो, संघांतर्गत त्याहून लांबच्या प्रवासाला 400. फ्रँकफर्ट–लिस्बन दुसऱ्या गटात बसतं. उशीर किमान तीन तासांचा हवा, आणि तो चाकं टेकल्यावर नव्हे, विमानाचं दार उघडल्यावर मोजतात. म्हणून दार उघडताना घड्याळाचा फोटो काढा आणि बोर्डिंग पास फेकू नका.

मुंबई–फ्रँकफर्ट–लिस्बन एकाच बुकिंगवर, संघातल्याच कंपनीचं असेल तर अंतर मुंबईपासून धरतात : 600 युरो, पण उशीर चार तासांच्या आत असेल तर कंपनी निम्मे देऊ शकते. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर रोख भरपाई नाही, जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल मात्र द्यावंच लागतं. ‘तांत्रिक बिघाड’ हे कारण सहसा टिकत नाही, तेवढ्यावर दावा सोडू नका.