‘आईला सांगू नकोस’ म्हणणारा दादा

प्रश्न : काकू, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे, इंदूरला सुदामानगर भागात राहतो. आमच्या मंडळाचा मल्लखांब आणि लेझीमचा वर्ग रोज संध्याकाळी भरतो. कुणी एक पैसा घेत नाही. शिकवणारे मुख्य दादा १५ वर्षांपासून आहेत, मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली तयार झालो. गेले दोन महिने ते एका १३ वर्षांच्या मुलाला वर्ग सुटल्यावर ‘वेगळा सराव’ म्हणून थांबवून घेतात आणि मग स्कूटरवर घरी सोडतात. त्याला नवे बूटही घेऊन दिले. परवा तो मुलगा मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होता, तेव्हा दादांचा रात्री साडेअकराचा मेसेज दिसला : ‘आईला सांगू नकोस.’ मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, ‘पुरावा आहे का? इतक्या सेवाभावी माणसावर शिंतोडे उडवू नकोस. महेश्वरची सहल होऊन जाऊ दे, मग बघू.’ काकू, माझीच नजर वाईट आहे का?
— एक कार्यकर्ता

उत्तर : नाही रे बाळा, तुझी नजर वाईट नाही. बूट घेऊन देणं, घरी सोडणं, जास्तीचा सराव या एकेका गोष्टीला मी कदाचित माया म्हटलं असतं. पण ज्या मायेची आईपासून लपवालपवी करावी लागते, तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. तो एक मेसेज नसता तर मी तुला ‘लक्ष ठेव’ म्हटलं असतं. तो आहे, म्हणून सांगते : सहलीपर्यंत थांबायचं नाही. महेश्वरला धर्मशाळेतला मुक्काम असणार, सकाळी घाटावर आंघोळी असणार. अध्यक्ष ज्या दिवसापर्यंत थांबा म्हणताहेत, नेमका तोच दिवस टाळायचा आहे.

हे मी इतकं ठासून का सांगते, त्याला कारण आहे. १९९६ च्या सुटीत मी इंदूरच्याच एका बालशिबिराचं काम बघत होते. बारा वर्षांचा एक मुलगा चौथ्या दिवशी आलाच नाही. त्याची आई मला मंडईत भेटली, म्हणाली, ‘त्या सरांकडे जायचं नाही म्हणतो हो.’ मी काय म्हणावं? ‘हट्ट आहे, दोन दिवसांत रुळेल, पाठवा तुम्ही.’ तिने पाठवलं. पुढे सरांबद्दल आणखी कुजबुज झाली, तेव्हा आम्ही काहीही न विचारता शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला. आभाराचं पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं. ते पत्र दाखवून ते दुसऱ्या संस्थेत मुलांना शिकवायला लागले. तो मुलगा तिशीत असताना एका लग्नात माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्या सुटीत काय झालं ते त्याने मला सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाला, ‘काकू, तुम्ही पाठवा म्हणालात म्हणून आईने पाठवलं.’ या सदरात मी हे आजवर लिहिलं नव्हतं.

आता अध्यक्षांच्या ‘पुरावा आहे का’ या प्रश्नाबद्दल. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही, त्यांचंही नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. म्हणजे तुझंही, पगार नसला तरी. गुन्हा माहीत असून कळवला नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. कार्यकारिणीच्या ठरावाने यातून सुटका होत नाही. आणि चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. अध्यक्षांना हे वाचून दाखव. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना मंडळाच्या नावाची काळजी आहे, आम्हालाही १९९६ मध्ये तीच होती.

आज संध्याकाळीच त्या मुलाच्या आईला भेट. एकटी असेल तेव्हा, घरी जाऊन. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग, स्वतःचे तर्क जोडू नकोस. तिला म्हण, मेसेज पुसू नका, मुलावर ओरडू नका आणि दादांना फोन करून जाब विचारू नका. तो फोन झाला की मेसेज नाहीसे होतील आणि मुलाला काय बोलायचं ते पढवलं जाईल. मग १०९८ लावा. हा मुलांसाठीचा मदत क्रमांक २४ तास चालतो, पैसे पडत नाहीत, आणि पुढे पोलीस ठाण्यात कसं जायचं तेही तिथे सांगतात. आई कचरली तर तू लाव. तारखा, वेळा, मेसेजमधले शब्द जसेच्या तसे एका वहीत उतरवून ठेव. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एक अक्षर टाकू नकोस. त्या मुलाला उद्या याच गल्लीतून शाळेत जायचं आहे.

चौकशीत काहीच निघालं नाही तर? तरी दादांनी आजपासून चौकशी होईपर्यंत मुलांपासून लांब राहायचं. खरोखर सेवा करणाऱ्या माणसाला हे लागेल, मला कळतं. पण त्याला लागलेलं सांभाळता येतं.

अमेरिकेत बॉय स्काउट्स ही मुलांची फार मोठी संस्था, आता तिचं नाव स्काउटिंग अमेरिका आहे. कुठल्या स्वयंसेवकाला मुलांजवळ फिरकू द्यायचं नाही याच्या गुप्त फायली ती १९२० च्या दशकापासून ठेवत होती. म्हणजे माहिती होती, ती कपाटात होती. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या प्रकरणात ८२ हजारांहून जास्त लोकांनी लहानपणच्या अत्याचाराचे दावे दाखल केले. कुठल्याही कामाला किमान दोन मोठी माणसं हवीत, हा नियम त्याच संस्थेत आज सक्तीचा आहे. तो आपल्या गल्लीतल्या मंडळातही लावता येतो, त्याला खर्च नाही.

तुमच्या वर्गापुरतं सांगते. साहित्याच्या खोलीत एका मुलाबरोबर एकटं कुणी जायचं नाही, दार उघडं राहील. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत दोन कार्यकर्ते थांबतील. मुलाला मेसेज करायचा तर पालक असलेल्या ग्रुपवरच. मल्लखांबात आधार द्यायला अंगाला हात लावावाच लागतो, तो सगळ्यांसमोर आणि ‘कमरेला धरतोय’ असं सांगून. मालिश, तेल वगैरे मुलं आपली आपण करतील. मुक्कामात मोठे आणि मुलं एका खोलीत झोपणार नाहीत. नवा कार्यकर्ता आला की आधी कुठे काम केलं ते विचारायचं आणि तिथे फोन करून त्याने काम का सोडलं तेही विचारायचं. २०२० च्या पॉक्सो नियमांत मुलांशी रोजचा संबंध येणाऱ्या संस्थांनी, क्रीडा अकादमीसुद्धा त्यात आल्या, आपल्या माणसांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असं आहे. ती करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. जो कधी पकडला गेला नाही त्याचा कागद कोराच असतो.

हे नियम तुलाही लागू, अध्यक्षांनाही आणि उद्या मी पाहुणी म्हणून आले तर मलाही. सगळ्यांना सारखे असले म्हणजे नियम दाखवताना कुणावर संशय घ्यावा लागत नाही.

मला लिही. सहल पुढे ढकलली की नाही तेही कळव.

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची. गणेशोत्सवाच्या नाचाच्या तालमीला जायचं म्हटलं की तिचं पोट दुखतं. तिला काय विचारू?
— एक आजी, रामबाग

उत्तर : ‘कुणी हात लावला का?’ असं विचारू नका, आजी. उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घातल्यासारखं होतं. शेंगा सोलताना, वेणी घालताना म्हणा, ‘तालमीत तुला काय आवडत नाही गं?’ आणि मग गप्प राहा. कदाचित घुंगरू बोचत असतील. दुसरं काही निघालं तर ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणा, पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. पोलिसांची धास्ती नको. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकारी घेतात, त्या गणवेशात नसतात. तोवर तालमीला पाठवू नका. नाच पुढच्या वर्षीही असतो.

प्रश्न : हे सगळं मुलींच्या पालकांसाठी ठीक आहे. मला मुलगा आहे. त्याला कशाला घाबरवायचं?
— एक वडील, वैशालीनगर

उत्तर : वरचं पहिलं पत्र पुन्हा वाचा, त्यातला मुलगाच आहे. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आहे, मुलगा असो की मुलगी. केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून २००७ मध्ये एक अहवाल काढला. लैंगिक त्रास झाल्याचं ज्या मुलांनी सांगितलं, त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. ‘तू मुलगा आहेस, रडतोस काय’ हे ऐकून वाढलेला मुलगा अशी गोष्ट बापाला सांगायला सगळ्यांत जास्त घाबरतो. घाबरवू नका. आज जेवताना एवढंच म्हणा की कुणी मोठ्या माणसाने ‘बाबांना सांगू नकोस’ म्हटलं, तर तेच मला आधी सांग, मी तुझ्यावर रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.