आधी अंदाज, मग सेव्ह

प्रश्न: सर, मी खानापूरजवळच्या खेड्यात राहते आणि बीसीएच्या दुसऱ्या वर्षासाठी बेळगावला बसने ये-जा करते. मला मोबाईल ॲपच्या स्क्रीन बनवायला शिकायचंय. व्हिडिओ बघून फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं साधन) तीन ॲप केली, पण कोरी फाईल उघडली की काही सुचत नाही. लॅपटॉप 8 जीबीचा आहे, इम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) लावला की अडकतो. घरी दोन म्हशी आहेत, डेअरीला दूध घालतो. खर्च जपून करावा लागतो. पप्पा म्हणतात, पुण्याला क्लास लावू. काय करू?

उत्तर: पुण्याचं एवढ्यात ठरवू नका, हे पप्पांनाही वाचून दाखव. व्हिडिओतल्या माणसाने टाईप केलं तेच तू टाईप केलंस. त्यात चुकायला वावच नव्हता, म्हणून कोणती ओळ कशासाठी आहे ते कळलं नाही. क्लासमध्येही असं नुसतं उतरवूनच घेतलंस, तर पैसे जातील आणि कोरी फाईल कोरीच राहील.

इम्युलेटरचा नाद सोड. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलंस की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग चालू कर, केबल लाव आणि ॲप थेट फोनवर चालव. बसमध्ये ब्राउझरवर डार्टपॅड, म्हणजे फ्लटरचा कोड चालवून बघायची वेबसाइट, उघड. काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

आता घरचं दुधाचं पुस्तक घे. त्यातली एकच ओळ स्क्रीनवर आण: डावीकडे नाव, उजवीकडे लिटर. एका रोमध्ये (गोष्टी शेजारी-शेजारी मांडणारी आडवी ओळ) दोन टेक्स्ट, म्हणजे मजकुराचे तुकडे, ठेव. मग नावाच्या जागी मुद्दाम गावातलं सगळ्यात लांब नाव आडनावासकट घाल. सेव्ह करण्याआधी वहीत लिही, काय होईल? नाव खालच्या ओळीवर जाईल असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उजव्या कडेला पिवळे-काळे पट्टे येतात आणि मजकूर किती पिक्सेल बाहेर गेला तो आकडा दिसतो. रो आपल्या टेक्स्टला हवी तेवढी रुंदी घेऊ देते, म्हणून असं होतं. नावाला एक्स्पांडेडमध्ये गुंडाळ. लिटरला जागा देऊन उरलेली रुंदी नावाला मिळते आणि ते दोन ओळींत मावतं. मग एक्स्पांडेड लिटरला लाव. पुन्हा आधी अंदाज, मग सेव्ह.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. बटण दाबलं की लिटर वाढतील असं कर, पण सेटस्टेट, म्हणजे स्क्रीन ताजी करायला सांगणारा भाग, मुद्दाम काढून टाक. प्रिंट केलंस तर आकडा वाढलेला दिसेल, स्क्रीनवर मात्र जुनाच राहील. डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलते हा समज तिथे कायमचा जातो. तसंच स्टेटमधला (ॲपने लक्षात ठेवलेल्या माहितीतला) सुरुवातीचा आकडा 0 चा 5 कर आणि हॉट रिलोड दे, म्हणजे चालू ॲपमध्येच नवा कोड घाल. स्क्रीनवर फरक पडणार नाही, कारण हॉट रिलोड चालू स्थिती जपतो. हॉट रिस्टार्ट दिल्यावर, म्हणजे ॲप पहिल्यापासून सुरू केल्यावर, 5 दिसेल. हे माहीत नसल्याने मुलं तासन् तास नसलेली चूक शोधत बसतात.

एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास, तर कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही.

आपल्या भागात एक फायदा आहे, तो सोडू नकोस. तुला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही वाचता येत असणार. तीच ओळ तिन्ही भाषांत लाव, फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा कर आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात दे. बोट कुठे अडतं ते नुसतं बघ, मध्ये बोलू नकोस.

तीन आठवडे रोज एक प्रयोग कर. मग वहीची जी पानं चुकलेल्या अंदाजांनी भरली असतील, त्यांचे फोटो मला पाठव. पुण्याच्या क्लासचं त्यानंतर बोलू.